सहाशे चाळीस मुले, एक समुपदेशक आणि तीस तासांचा आठवडा

या प्रकरणातली शाळा नकाशावर शोधू नये. अनेक शाळांत वारंवार दिसणाऱ्या गोष्टी एका जागी आणून ती अभ्यासासाठी उभी केली आहे. पट, तास, गैरहजेरी असे शाळेचे सगळे आकडे या प्रकरणापुरते धरलेले आहेत. मधूनमधून येणारे संशोधनाचे दाखले मात्र खरे आहेत.

शाळा पाचवी ते दहावी, तुकड्या १६, पट ६४०. संस्थेने पहिल्यांदाच पूर्णवेळ समुपदेशक नेमल्या. मानसशास्त्रातले पदव्युत्तर शिक्षण, समुपदेशनाचे प्रशिक्षण, कामाची तळमळ, काही कमी नव्हते. जिन्यालगतची एक खोली मिळाली, दारावर पाटी लागली. वर्ष सरले आणि संस्थेच्या बैठकीत सरळ प्रश्न आला: वर्षभरात झाले काय?

समुपदेशकांनी नोंदवही पुढे केली. तिच्यात २१२ भेटी होत्या. दीडशेहून अधिक भेटी शिक्षकांनी पाठवलेल्या मुलांच्या, तीही बहुतेक सातवी-आठवीच्या चार तुकड्यांतली. आपणहून आलेली मुले अकरा. पाचवीतले एकही नाही, दहावीतली दोन, तीही परीक्षेच्या आदल्या महिन्यात.

त्या वहीपेक्षा बोलका कागद त्यांच्याकडे दुसराच होता. प्रत्येक सत्रातला एक आठवडा त्यांनी अर्ध्या-अर्ध्या तासाने लिहून ठेवला होता. तीस तासांच्या आठवड्यात ९ तास ऑफ तासिका आणि परीक्षेची पर्यवेक्षणे. ६ तास स्पर्धांचे अर्ज, कार्यक्रम, कार्यालयीन याद्या. ५ तास शिस्तीसाठी खोलीबाहेर उभी केलेली मुले सांभाळणे. ६ तास खरे समुपदेशन. २ तास पालक. उरलेले २ इकडेतिकडे. म्हणजे ज्या कामासाठी नेमणूक झाली त्याला आठवड्याचा पाचवा हिस्सा.

बैठकीत या कागदाचे तीन अर्थ निघाले. मुख्याध्यापिकांचे म्हणणे, "मॅडम, तीच तीच मुलं पुन्हा पुन्हा येतात, म्हणजे आपण कुठंतरी कमी पडतोय." ज्येष्ठ शिक्षकांपैकी एक सर म्हणाले, "पोरांना तास बुडवायचा परवाना मिळालाय. तिकडून येतात ती हसत येतात." समुपदेशकांचे म्हणणे एवढेच की एका माणसाला हे झेपणारे नाही, आणखी एक पद हवे.

तिघांचेही म्हणणे आपापल्या जागी खरे होते, पण तिघांच्याही डोळ्यांसमोर ती जिन्यालगतची खोलीच होती. खोलीत कोण येते, किती वेळा येते, सुधारते की नाही. उरलेल्या सहाशे मुलांचा विषय बैठकीत कोणी काढला नाही.

यात नवे काही नाही, शालेय मार्गदर्शनाची घडणच तशी झाली. १९०८ मध्ये फ्रँक पार्सन्स यांनी बॉस्टनमध्ये व्यवसाय-मार्गदर्शनाचे केंद्र काढले, तेव्हा काम एकच होते: तरुणाला आपला पेशा निवडायला मदत करणे. पुढे शाळांत ही मदत शिरली ती बहुधा एका व्यक्तीच्या अंगावर टाकलेल्या जोडकामासारखी. १९५७ मध्ये स्पुटनिक आकाशात गेला, दुसऱ्या वर्षी अमेरिकेने शिक्षणासाठी मोठा कायदा केला आणि हुशार मुले हेरून विज्ञानाकडे वळवण्यासाठी समुपदेशकांच्या प्रशिक्षणावर पैसा ओतला. पदे वाढली, तरी पदाभोवतीचा आराखडा नव्हताच. तो मांडायला १९७० चे दशक उजाडले. मिसुरी विद्यापीठातल्या नॉर्मन गिस्बर्स आणि सहकाऱ्यांनी म्हटले, समुपदेशन हा गणित-भाषेसारखा शाळेचा कार्यक्रम धरा. त्याचे चार भाग करा: सगळ्यांसाठी वर्गपाठ, प्रत्येक मुलाचे पुढचे नियोजन, अडचणीत धावून जाणारी मदत आणि या सगळ्याला लागणारी व्यवस्था. अमेरिकन स्कूल कौन्सेलर असोसिएशनने २००३ मध्ये प्रसिद्ध केलेला राष्ट्रीय नमुना याच विचारातून वाढला. आज ही संघटना २५० विद्यार्थ्यांमागे एक समुपदेशक असावा आणि त्याचा किमान ८० टक्के वेळ विद्यार्थ्यांच्या प्रत्यक्ष-अप्रत्यक्ष कामात जावा, असे सांगते.

आपल्या शाळेत २५० चे प्रमाण पाळायचे तर अडीच समुपदेशक लागतील. ते मिळणार नव्हते. मग उरते त्या ८० टक्क्यांचे गणित, आणि पुढच्या वर्षाची बैठक त्याच गणिताने सुरू झाली.

फळ्यावरचा हिशोब

शाळेचे कामाचे आठवडे ३६ धरले. ३६ गुणिले ३०, म्हणजे १०८० तास. त्यातले २० टक्के नियोजन आणि शाळेच्या सामाईक कामांसाठी काढले की ८६४ उरतात. ६४० मुलांत ते वाटले तर एका मुलाच्या वाट्याला वर्षभरात ८१ मिनिटे. दोन तासिका, इतकेच.

आता एका मुलासोबतचे काम नीट करायचे तर किती वेळ लागतो? चाळीस मिनिटांच्या सहा भेटी, म्हणजे चार तास. नोंदी, वर्गशिक्षकांशी बोलणे, पालकांची भेट, नंतरचा पाठपुरावा मिळून आणखी तीन. एका मुलामागे सात तास.

दुसरीकडे, सोळाही तुकड्यांत वर्षाला सहा-सहा पाठ घ्यायचे ठरवले तर ९६ पाठ होतात, चाळीस मिनिटांच्या हिशोबाने ६४ तास. तेवढ्याच वेळात खोलीत बसून नऊ मुलांचे काम होते. सहा पाठांनी गंभीर अडचणीतले मूल सावरणार नाही, हे उघड आहे. पण प्रत्येक मूल समुपदेशकांना सहा वेळा पाहते, त्यांचा आवाज ओळखते, खोली कुठे आहे आणि तिथे काय चालते हे त्याला कळते. मागच्या वर्षी अकराच मुले आपणहून आली, यामागे मुलांचा संकोच होताच. पण बहुतेकांच्या लेखी ती खोली म्हणजे शिक्षा झालेल्यांनी थांबायची जागा होती, हे त्याहून मोठे कारण. आपण तिथे का जावे, हा त्यांचा प्रश्न रास्तच होता.

फळ्यावर हे मांडल्यावर मुख्याध्यापिकांनी विचारले, "मग ऑफ तास कोण घेणार?" नियोजनातला सगळ्यात कठीण प्रश्न हाच असतो. मूल्ये, उद्दिष्टे, दृष्टिकोन यांवर कोणाचे भांडण होत नाही. भांडण होते ते गुरुवारच्या पाचव्या तासावर.

तडजोड निघाली, आणि माझ्या मते चांगली निघाली. समुपदेशक ऑफ तास घेणार नाहीत, पण इतर शिक्षकांसारखी एक सामाईक जबाबदारी रोज उचलतील: सकाळी फाटकावर वीस मिनिटे उभे राहणे. शिक्षकखोलीतली "त्यांनाच का सूट" ही कुरबुर त्याने निम्मी झाली. शिवाय कोण रोज उशिरा येतो, कोण एकटा येतो, आठवड्यापूर्वीपर्यंत हसत येणारे कोण खाली मान घालून येऊ लागले, हे फाटकावर दिसते तितके कुठल्याच अर्जात दिसत नाही. मुख्याध्यापिका आणि समुपदेशक यांच्यात वर्षाच्या आरंभी एका पानाचा लेखी करार झाला. काय करायचे याच्या निम्मा मजकूर काय करायचे नाही याचा होता. शिस्तीच्या चौकशीत बसणार नाहीत, शिक्षा ठरवणार नाहीत, शिक्षा झालेले मूल खोलीत ठेवून घेणार नाहीत. शिक्षा झाल्यानंतर त्याच मुलाशी बोलायला मात्र त्या केव्हाही तयार असतील.

नवा आठवडा असा बसला: नियोजन व सामाईक कामे ६ तास, वर्गपाठ व तयारी ४, गट ३, वैयक्तिक काम १०, शिक्षकांशी सल्लामसलत ३, पालक २. उरलेले २ तास मुद्दाम रिकामे. त्यांवर पहिल्याच महिन्यात डोळा गेला ("हे तास कशाला?"). मुलांची संकटे वेळापत्रक पाहून येत नाहीत, म्हणून ते तास. वैयक्तिक कामाचे दहा तास म्हणजे वर्षाला ३६०, सात तासांच्या हिशोबाने पन्नासेक मुले. ही मर्यादा आकड्यात लिहिलेली असल्याने पुढचे अनेक निर्णय सोपे झाले.

गरज शोधताना

गरज कशी शोधायची, यावर एक महिना गेला. एक सूचना होती: सगळ्या मुलांना मानसिक आरोग्याची चाचणी द्यावी. रॉबर्ट गुडमन यांची १९९७ मधली २५ विधानांची प्रश्नावली यासाठी जगभर वापरली जाते. भावनिक त्रास, वर्तन, चंचलता, सवंगड्यांशी संबंध आणि मदत करण्याची वृत्ती अशा पाच अंगांची प्रत्येकी पाच विधाने तिच्यात असतात. समुपदेशकांनी नकार दिला. सहाशे मुले चाळली आणि त्यांतली ऐंशी-नव्वद "पुढे तपासावीत" अशी निघाली, तर पन्नासांपुढच्यांचे काय करणार? कळूनही काही न करणे हे न कळण्यापेक्षा वाईट, आणि कधीकधी कायद्यानेही अडचणीचे. हा नकार मला या प्रकरणातला सर्वांत जाणता निर्णय वाटतो. चाचणी चांगली असणे आणि ती वापरायला आपण तयार असणे यांत फरक आहे.

त्याऐवजी तीन साधे मार्ग घेतले. मुलांना निनावी चार प्रश्न: शाळेत कुठे जायला नको वाटते? अडचण आली तर शाळेतल्या कोणत्या मोठ्या माणसाला सांगशील? गेल्या महिन्यात कोणत्या दिवशी शाळेत येऊ नये असे वाटले, का? आणि, या शाळेत एक गोष्ट बदलता आली तर कोणती? "तुला समुपदेशनाची गरज आहे का" असे थेट विचारले की बहुतेक मुले "नाही" लिहितात आणि आपण समाधानाने वही मिटतो.

पहिल्या प्रश्नाने अनपेक्षित गोष्ट वर आणली. पाचवी-सहावीच्या कितीतरी मुलांनी मागचा जिना लिहिला. मधल्या सुट्टीत मोठी मुले तिथे अडवतात, टोपणनावे ठेवतात, वह्या फेकतात. हे कळल्यावर दादागिरीवर सहा पाठ घेण्याचा बेत पुढे आला. त्याआधी समुपदेशकांनी विचारले, सुट्टीत मागच्या जिन्यावर लक्ष ठेवायला कोण असते? कोणीच नसे. नॉर्वेत १९८३ मध्ये दादागिरीविरोधी देशव्यापी मोहीम झाली. तिच्याशी जोडलेल्या डॅन ओल्विअस यांच्या कार्यक्रमात मधल्या सुट्टीतल्या देखरेखीला महत्त्वाचे स्थान आहे, ते याचसाठी. एका शिक्षकाची सुट्टीतली जागा बदलली, मैदानातून जिन्यापाशी. पाठही घेतले, पण नंतर.

दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरांत सर्वांत जास्त वेळा नाव आले ते कार्यालयातल्या शिपाईमामांचे. शिक्षकखोलीत यावर थोडी हसाहस झाली, थोडी शांतता पसरली. मामांना पुढच्या प्रशिक्षणाला बसवले.

दुसरा मार्ग हजेरीपटाचा. दहा टक्के किंवा त्याहून जास्त दिवस गैरहजेरी ही अनेक देशांत चिंतेची रेषा मानली जाते. वर्ष सुरू होऊन पहिले सत्र संपेपर्यंत आठवीत या रेषेपलीकडे २२ मुले होती. तिसरा मार्ग शिक्षकांच्या यादीचा: कोणाची काळजी वाटते? आठवीच्या शिक्षकांनी १९ नावे दिली. दोन्ही याद्यांत सामाईक नावे फक्त पाच. शिक्षकांना वर्गात त्रास देणारी मुले दिसतात. जी वर्गात नसतात ती दिसणार कशी?

उद्दिष्टे तीनच

पहिल्या वर्षीच्या आराखड्यात चौदा उद्दिष्टे होती, पहिलेच "विद्यार्थ्यांचा सर्वांगीण विकास". वर्षअखेरीस ते साधले की नाही, हे देवालाही सांगता आले नसते. नव्या आराखड्यात तीन राहिली. आठवीच्या त्या २२ मुलांपैकी किमान निम्म्यांची गैरहजेरी दुसऱ्या सत्रात दहा टक्क्यांखाली आणणे. पाचवी-सहावीतल्या मुलांना मागचा जिना आणि स्वच्छतागृहाचा पट्टा निर्धास्तपणे वापरता येणे, जे त्याच निनावी प्रश्नाने वर्षअखेर पुन्हा मोजायचे. आणि नववीतल्या प्रत्येक मुलाशी, पालकांसह किंवा पालकांशिवाय, पुढच्या शिक्षणाबद्दल एकदा तरी बोलणे. तिसरे वर्गशिक्षकांच्या मदतीशिवाय अशक्य होते आणि ते पुरते झालेही नाही.

आठवीच्या कामात एक चौकट उपयोगी पडली. क्रिस्तोफर कर्नी यांनी शाळा टाळण्यामागची चार प्रकारची कारणे मांडली आहेत: शाळेतल्या एखाद्या गोष्टीने वाटणारी भीती वा अस्वस्थता चुकवणे, चारचौघांसमोर बोलणे, परीक्षा अशा प्रसंगांतून सुटणे, घरातल्या माणसांचे लक्ष मिळवणे, आणि शाळेबाहेरच्या मजेकडे ओढले जाणे. प्रत्येकाचा उपाय वेगळा. भीतीने घरी राहणाऱ्याला थोड्याथोड्या पायऱ्यांनी परत आणावे लागते, मजेसाठी बाहेर फिरणाऱ्याच्या बाबतीत घर आणि शाळा यांच्यात रोजचा निरोप लागतो. दोघांना एकच "नियमितपणाचे महत्त्व" ऐकवून काही होत नाही. २२ पैकी सहा मुले या चार कप्प्यांत बसतच नव्हती. धाकट्या भावंडांना सांभाळायला, आजारी माणसापाशी बसायला घरानेच त्यांना ठेवून घेतले होते. तिथे समुपदेशनाचा विषयच नाही. पालकांशी बोलून व्यवस्था शोधणे, लागेल ती मदत मिळवून देणे, एवढेच हातात असते.

मुख्याध्यापिकांची एक इच्छा होती. आठवीतली "डोकेदुखी" आठ मुले एकत्र करून समुपदेशकांनी त्यांचा गट चालवावा. वेळ वाचेल आणि वर्गही शांत होईल. समुपदेशकांनी इथे पुन्हा नाही म्हटले. थॉमस डिशियन, जोन मॅककॉर्ड आणि फ्रान्स्वा पुलँ यांनी १९९९ मध्ये दाखवले होते की बेशिस्त वर्तनाच्या वाटेवरची किशोरवयीन मुले एका गटात ठेवली तर काही वेळा वर्तन आणखी बिघडते. एकाच्या आगाऊपणावर दुसरा हसतो आणि ते हसू बक्षिसाचे काम करते. गट झाला, पण मिसळलेला: आठांपैकी तीन, आणि बरोबर वर्गात ज्यांचे ऐकले जाते अशी पाच. बाकीच्या पाचांचे काम वैयक्तिक झाले. मुख्याध्यापिकांना हे पटायला वेळ लागला आणि तो लागणारच होता, कारण त्यांच्याकडे रोज तक्रारी येत.

शिक्षकखोली

समुपदेशनाचे कार्यक्रम बहुतेकदा शिक्षकखोलीत अडतात. इथेही अडला. "आमच्या वर्गातल्या मुलाचं काय झालं ते आम्हाला कळायला नको?" हा प्रश्न चुकीचा नाही. मूल दिवसातले पाच तास ज्यांच्यासमोर असते त्यांना काहीच न सांगणे हे अपमानास्पद वाटते, आणि मग ते मूल पाठवणेच बंद करतात.

उपाय दोन पातळ्यांवर झाला. मूल पाठवण्याची चिठ्ठी बदलली. पूर्वी तिच्यावर "वर्तन ठीक नाही" एवढाच शेरा असे. आता तीन ओळी: काय पाहिले, केव्हा पाहिले, तुम्ही आधी काय करून बघितले. तिसरी ओळ लिहिताना कित्येक शिक्षकांनी चिठ्ठी परत खिशात ठेवली आणि आधी स्वतः मुलाशी बोलले. हा परिणाम कोणी ठरवून साधला नव्हता. दुसरे, चिठ्ठी दिलेल्या शिक्षकाला दोन दिवसांत उत्तर जाईल: भेट झाली, काम सुरू आहे, वर्गात तुम्ही अमुक एक गोष्ट केली तर मदत होईल. मुलाने काय सांगितले ते त्या उत्तरात नसे. १९८९ च्या संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क संहितेचे सोळावे कलम मुलाचा खासगीपणा मान्य करते. पण शिक्षकांना कलम सांगून पटत नाही. "वर्गात अमुक करा" हे कामाचे वाक्य मिळाले की बाकीचे जाणून घ्यायची गरज आपोआप कमी होते.

मुलांनाही मर्यादा पहिल्या भेटीतच सांगितली जाई, मूल बोलते झाल्यावर नव्हे: "तू इथं बोलशील ते माझ्याजवळ राहील. पण तुझ्या किंवा दुसऱ्या कुणाच्या जिवाला धोका असेल, कुणी तुला त्रास देत असेल, किंवा कायद्यानं सांगावंच लागलं, तर मी मोठ्यांना सांगेन. सांगण्याआधी तुला सांगेन." नोंदवही आधी बाहेरच्या टेबलावर असे, येणाऱ्याजाणाऱ्याला नावे वाचता येत. ती कुलपात गेली.

शुक्रवारचा शेवटचा तास

दुसऱ्या सत्राच्या मध्यावर नववीतल्या एका मुलाच्या निबंधात एक ओळ आली: आपण नसलो तरी कोणाला फरक पडणार नाही, अशा अर्थाची. भाषेच्या शिक्षिकांनी ती शुक्रवारी शेवटच्या तासाला वाचली. मुलगा कुठल्याच यादीत नव्हता. हजेरी पूर्ण, गुण चांगले, तक्रार शून्य.

शिक्षिकांच्या मनात आधी आले ते स्वाभाविक होते: निबंधच आहे, सोमवारी बघू. पण सत्राच्या सुरुवातीला सगळ्या कर्मचाऱ्यांचे एक तासाचे प्रशिक्षण झाले होते आणि हजेरीपटाच्या आतल्या बाजूला चार ओळींचे कार्ड चिकटवलेले होते. शंका आली तर त्याच दिवशी सांगा. मुलाला एकटे सोडू नका. समुपदेशक नसतील तर ठरलेल्या दुसऱ्या व्यक्तीला गाठा. शिक्षकखोलीत चर्चा करू नका. त्यांनी वर्ग सुटायच्या आत समुपदेशकांना गाठले.

समुपदेशकांनी आडवळणे घेतली नाहीत. निबंधातली ओळ दाखवली आणि शांतपणे विचारले, जीव द्यावा असे विचार मनात येतात का? असे थेट विचारल्याने मुलाच्या डोक्यात नसलेला विचार शिरेल, ही भीती शिक्षकांत सर्रास दिसते. मॅडलिन गोल्ड आणि सहकाऱ्यांनी न्यूयॉर्क राज्यातल्या हायस्कुलांत दोन हजारांहून अधिक विद्यार्थ्यांवर केलेल्या अभ्यासात (२००५) ती खरी ठरली नाही. प्रश्न विचारलेल्या मुलांचा त्रास न विचारलेल्यांपेक्षा वाढला नव्हता. मुलगा बराच वेळ गप्प राहिला आणि मग "हो" म्हणाला. किती दिवसांपासून, काही ठरवले आहे का, आधी कधी काही केले आहे का, घरी कोण असते, हे त्याच क्रमाने विचारले गेले. मग त्याला सांगितले की आज आई-बाबांना बोलवणार आहोत, काय सांगणार आणि काय नाही. काय सांगायचे ते दोघांनी मिळून ठरवले.

पालक संध्याकाळी आले. वडील म्हणाले, "परीक्षेचं टेन्शन आहे, बाकी काही नाही. तुम्ही फार मनावर घेताय." समुपदेशकांनी वाद घातला नाही, पण मागेही हटल्या नाहीत: टेन्शनच असेल तर डॉक्टर तसं सांगतील, तपासणी मात्र आजच व्हायला हवी, तोवर त्याला एकटं ठेवू नका, घरातली धोक्याची साधनं कुलपात ठेवा. इथे आराखड्यातली एक भोकाची जागा उघडी पडली. बाहेरच्या तज्ज्ञांच्या यादीतला पहिला क्रमांक बंद होता, दुसऱ्या ठिकाणी नव्या रुग्णांना तीन आठवड्यांनंतरची वेळ. तिसऱ्या फोनला, एका रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात, सोय झाली. यादी वर्षारंभी कोणीतरी टाईप केली होती, फोन लावून पाहिले नव्हते. आता दर सत्राला प्रत्येक क्रमांकावर फोन करून खात्री केली जाते आणि तारीख यादीवरच लिहिली जाते.

मुलगा काही दिवसांनी शाळेत परतला. परतण्याचीही योजना लागते, हे बऱ्याच शाळांच्या ध्यानात येत नाही. काय घडले ते तिघांनाच माहीत: मुख्याध्यापिका, वर्गशिक्षक, समुपदेशक. बुडलेल्या चाचणीचे काय करायचे ते आधी ठरले. वर्गात विचारपूस झाली तर काय उत्तर द्यायचे ते त्यानेच निवडले. त्याचे उपचार बाहेर चालू राहिले. शाळेतले काम आठवड्यातून एकदा पंधरा मिनिटे, "कसा आहेस" इतकेच. समुपदेशकांनी उपचार स्वतःकडे ओढले नाहीत, हे मुद्दाम नोंदवायला हवे. शाळेतल्या खोलीत सगळे होऊ शकते असे मानणारे समुपदेशक मुलांना आणि स्वतःलाही थकवतात.

काय मोजले, काय निघाले

आठवीच्या २२ पैकी १२ मुलांची गैरहजेरी दुसऱ्या सत्रात दहा टक्क्यांखाली आली. उद्दिष्ट निम्म्याचे होते, ते पुरे झाले. संस्थेच्या बैठकीत हा आकडा आनंदाने वाचला गेला असता. समुपदेशकांनी त्याच्या शेजारी दुसरा आकडा मांडला: आदल्या वर्षी, काहीही केलेले नसताना, आठवीत रेषेपलीकडची २१ मुले होती आणि त्यांतली ६ दुसऱ्या सत्रात आपोआप खाली आली होती. सर्वांत वाईट आकड्यांवरून निवडलेली मुले पुढच्या मोजणीत काही प्रमाणात सुधारलेली दिसतातच. आजारपण संपते, घरचे लग्नकार्य उरकते. तेव्हा श्रेय बाराचे घेता येत नाही, फार तर पाच-सहांचे, आणि इतक्या लहान संख्येत तेही जपून. संस्थेच्या एका सदस्यांचा चेहरा पडला. मुख्याध्यापिकांचा मात्र समुपदेशकांवरचा विश्वास त्या दिवशी वाढला असे दिसले, कारण पुढच्या बैठकीपासून त्या स्वतःच "आधीचा आकडा काय होता" असे विचारू लागल्या.

मागचा जिना पाचवी-सहावीच्या उत्तरांतून जवळजवळ गायब झाला. स्वच्छतागृहाचा पट्टा नाही झाला. तिथे उभे राहायला कोणी मोठे माणूस तयार नव्हते आणि अजून नाही.

आपणहून येणारी मुले ११ वरून ४७ वर गेली. संस्थेतल्या एकाने याचा अर्थ "मुलांचे प्रश्न वाढले" असा लावला. मदत मागणाऱ्यांचा आकडा आणि अडचणीतल्यांचा आकडा वेगळे असतात, हे दर वर्षी नव्याने सांगावे लागणार.

फसले तेही थोडे नव्हते. सहावीचे सहापैकी चारच पाठ झाले, बाकीचे क्रीडास्पर्धांच्या सरावात गेले. नववीतल्या मुलांशी पुढच्या शिक्षणाबद्दल बोलणे निम्म्या वर्गापर्यंतच पोहोचले. ज्या वर्गशिक्षकांना हे आपले काम वाटले त्यांच्या तुकड्यांत ते झाले, बाकीच्यांत नाही. पालकसभांना तेच पालक आले जे नेहमी येतात. कामाच्या वेळेत सभा ठेवून पालकांची उदासीनता मोजू नये, असे समुपदेशकांनी अहवालात लिहिले, ते बरोबरच आहे.

पुढचा निर्णय

संस्थेने तिसऱ्या वर्षासाठी थोडी रक्कम देऊ केली आहे आणि दोन प्रस्ताव समोर आहेत. एक, दहावीच्या सगळ्या मुलांसाठी बाहेरच्या कंपनीची कल-चाचणी, छापील रंगीत अहवालासह. दोन, आठवड्याला दोन दिवस येणारे अर्धवेळ समुपदेशक. पालकांचा कौल पहिल्याकडे आहे. अहवाल हातात येतो, दाखवता येतो, पैसे कुठे गेले ते दिसते. कल-चाचणी वाईट नाही, पण तिच्या निकालावर प्रत्येक मुलाशी बसून बोलायला कोणी नसेल तर ती एका कागदापलीकडे जात नाही, आणि नववीत नेमके तेच बोलणे या वर्षी अपुरे राहिले आहे.

मी अर्धवेळ पदाच्या बाजूने मत देईन. दोन दिवस म्हणजे आठवड्याचे बारा तास, वर्षाचे ४३२. नियोजनाचे २० टक्के वजा केले तरी ३४५ उरतात. नववी-दहावीच्या चार तुकड्यांतल्या १६० मुलांशी पुढच्या शिक्षणाबद्दल तीस-तीस मिनिटे बोलायला ८० तास पुरतात. उरलेल्या वेळात त्या मुलांच्या पालकांना संध्याकाळी भेटता येईल आणि प्रतीक्षेतली वैयक्तिक कामे हाती घेता येतील. एक अट मात्र घालावी लागेल, आणि ती करारातच लिहावी: नवे पद आले म्हणून पहिल्या समुपदेशकांना ऑफ तासांच्या यादीत परत घातले जाणार नाही. मागच्या आठवड्यात उपमुख्याध्यापकांनी ती यादी तयार करायला घेतली, तेव्हा समुपदेशकांचे नाव तिच्यात तिसरे होते.